मोबाइल मोडेम ‘इथरनेट’ की ‘डब्ल्यूवॅन’: ड्रायव्हर हे कशावरून ठरवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याकडे तीन मोबाइल मोडेम आहेत. हुआवेचा फोरजी डोंगल उबंटूवर चक्क ‘वायर्ड कनेक्शन’ म्हणून दिसतो आणि त्याच्या इंटरफेसचे नाव ‘ईएनएक्स’ने सुरू होते. लॅपटॉपच्या आत बसवलेले एम.२ कार्ड ‘डब्ल्यूवॅन०’ म्हणून दिसते (‘डब्ल्यूवॅन’ म्हणजे वायरलेस वॅन, मोबाइल नेटवर्कवरची जोडणी). जुना थ्रीजी डोंगल तर लावल्यावर नेटवर्क इंटरफेस म्हणून दिसतच नाही. नंबर फिरवल्यानंतर ‘पीपीपी०’ नावाचा इंटरफेस तयार होतो. तिन्हींमध्ये सिम आहे आणि तिन्ही मोबाइल टॉवरशीच बोलतात, मग ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना तीन वेगळ्या प्रकारांत का टाकते आणि हा प्रकार आपल्याला बदलता येतो का, असे विचारले आहे.

मी बरीच वर्षे लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांचे आणि दूरमापन यंत्रांचे काम करतो आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा आला आहे. म्हणून उत्तर जरा मुळापासून देतो. बहुतेक चर्चा लिनक्सची असेल, कारण तिथला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग, उघडून वाचता येतो. विंडोजचे शेवटी थोडक्यात सांगेन.

पहिली गोष्ट मनात पक्की करावी लागते ती ही, की यंत्रात सिम आहे किंवा रेडिओ आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही. यूएसबीचे कोणतेही उपकरण लावल्यावर ते स्वतःची ओळख डिस्क्रिप्टरच्या रूपात देते: उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक आणि प्रत्येक अंतर्गत इंटरफेसचा वर्ग, उपवर्ग व प्रोटोकॉल. हे सगळे हेक्स आकडे असतात. वर्ग ०२ म्हणजे संप्रेषणाचा वर्ग, ज्याला सीडीसी म्हणतात. त्याच्या आत उपवर्ग ०२ म्हणजे एसीएम, अर्थात जुन्या पद्धतीचा सिरियल मोडेम. ०६ म्हणजे ईसीएम, अर्थात यूएसबीवरून चालणारे इथरनेट. ०डी म्हणजे एनसीएम, जे त्याच कामाची सुधारित आवृत्ती आहे. आणि ०ई म्हणजे एमबीआयएम, जे खास मोबाइल ब्रॉडबँडसाठी २०११ मध्ये प्रमाणित झाले. याशिवाय एफएफ हा वर्ग आहे, ज्याचा अर्थ एवढाच की आत काय आहे ते उत्पादकाला माहीत. ड्रायव्हरच्या हाती येते ते एवढेच. एमबीआयएम सोडले तर यातला एकही आकडा ‘मी मोबाइल मोडेम आहे’ असे निःसंदिग्धपणे सांगत नाही. ईसीएमचा आकडा पाहून समोर साधे यूएसबी-टू-लॅन अॅडॉप्टर आहे की फोरजी मोडेम आहे, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग त्या आकड्यात नाही.

मग लिनक्स ते ओळखतो कसे? उत्तर फार साधे आहे: कोणीतरी आधी तक्त्यात लिहून ठेवलेले असते म्हणून. ‘सीडीसी-ईथर’ या ड्रायव्हरच्या शेवटी एक लांबलचक तक्ता आहे. त्याच्या तळाशी एक सर्वसाधारण ओळ आहे, जी ‘वर्ग ०२, उपवर्ग ०६’ आणि प्रोटोकॉल शून्य असलेले कोणतेही उपकरण स्वीकारते आणि त्याला साधे इथरनेट मानते. त्या ओळीच्या वर अनेक विशिष्ट ओळी आहेत: नोव्हाटेलचे काही मोडेम, डेलच्या लॅपटॉपांत येणारी कार्डे, टेलिट, यू-ब्लॉक्स आणि सिंटेरिऑनची मोड्यूले. हुआवेच्या विशिष्ट प्रोटोकॉल क्रमांकाच्या उपकरणांसाठीही वेगळी ओळ आहे. या ओळींशी जे उपकरण जुळते त्याला ड्रायव्हर वेगळी माहिती चिकटवतो आणि त्या माहितीत ‘फ्लॅग-डब्ल्यूवॅन’ हा ध्वज, म्हणजे खूण, असतो. तक्ता वरून खाली तपासला जातो आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून विशिष्ट ओळी सर्वसाधारण ओळीच्या वरच असाव्या लागतात. म्हणजे ‘हा मोडेम आहे’ हे ज्ञान हार्डवेअरमधून येत नाही. कोणीतरी ते उपकरण हाताळले, त्याचे आकडे नोंदवले आणि कर्नलकडे, म्हणजे लिनक्सचा गाभा सांभाळणाऱ्यांकडे, एक ओळ पाठवली, त्यातून ते येते. ज्या मोडेमसाठी हे कोणी केले नाही, तो मोडेम इथरनेट म्हणूनच वावरतो.

कोणती ओळ लागू झाली हे कर्नलच्या नोंदीत थेट वाचता येते आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते. डोंगल लावल्यावर ‘डीमेसेज’ची आज्ञा चालवली की इंटरफेस नोंदवल्याची एक ओळ दिसते. तिच्यात ड्रायव्हरचे नाव, यूएसबीचे ठिकाण, मग इंग्रजीतले एक वर्णन आणि शेवटी मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर-पत्ता, असतो. त्या वर्णनात ‘सीडीसी इथरनेट डिव्हाइस’ असे शब्द असतील तर सर्वसाधारण ओळ जुळली आहे. ‘मोबाइल ब्रॉडबँड नेटवर्क डिव्हाइस’ असे असतील तर मोडेमची विशिष्ट ओळ जुळली आहे. ड्रायव्हर दोन्ही वेळा तोच असतो, फक्त तक्त्यातली ओळ निराळी असते. अनेक लोक फक्त ड्रायव्हरचे नाव पाहून थांबतात आणि या दोन वर्णनांतला फरक त्यांच्या नजरेतून सुटतो.

आता नावाचा भाग. यूएसबीवरच्या बहुतेक नेटवर्क ड्रायव्हरांच्या खाली ‘यूएसबीनेट’ नावाचा सामाईक गाभा आहे आणि इंटरफेसला पहिले नाव तो देतो. त्याची पद्धत अशी: नाव आधी ‘यूएसबी०’ धरायचे. ड्रायव्हरने इथरनेटचा ध्वज लावला असेल आणि सोबत ‘दोन टोकांमधली थेट जोडणी’ असा ध्वज नसेल, तर नाव ‘ईथ०’ करायचे. दोन्ही ध्वज असतील तर मॅक पत्त्याच्या पहिल्या बाइटमधला एक ठरावीक बिट पाहायचा, जो सांगतो की पत्ता जागतिक नोंदणीतला आहे की स्थानिक पातळीवर बनवलेला आहे. नोंदणीतला असेल तर ‘ईथ०’, बनवलेला असेल तर ‘यूएसबी०’ तसेच ठेवायचे. आणि सगळ्यात शेवटी, ‘फ्लॅग-डब्ल्यूवॅन’ असेल तर आधीचे सगळे बाजूला ठेवून ‘डब्ल्यूवॅन०’ हे नाव द्यायचे. हे शेवटचे पाऊल २००९ मध्ये कर्नलमध्ये आले. त्याआधी असे मोडेमही ‘ईथ’ किंवा ‘यूएसबी’ याच नावांनी दिसत.

विचारणाऱ्याच्या हुआवे डोंगलवर हे लावून पाहू. त्या कंपनीच्या हायलिंक प्रकारच्या डोंगलांचा मॅक पत्ता बहुधा ‘०सी:५बी:८एफ:२७:९ए:६४’ असतो. पहिला बाइट ०सी, म्हणजे द्विमान पद्धतीत ००००११००. शेवटून दुसरा बिट शून्य आहे, याचा अर्थ पत्ता नोंदणीतला आहे. प्रोटोकॉल क्रमांक शून्य असल्यामुळे हुआवेची विशिष्ट ओळ जुळत नाही आणि सर्वसाधारण ओळ जुळते. परिणाम ‘ईथ०’ किंवा ‘ईथ१’. त्यानंतर यूडेव्ह, म्हणजे उपकरणांची नावे ठरवणारा लिनक्समधला कार्यक्रम, येतो. डेबियन आणि उबंटूमध्ये यूएसबी नेटवर्क कार्डांना मॅक पत्त्यावरून नाव देण्याचा रिवाज आहे, म्हणून ते नाव ‘ईएनएक्स’ आणि त्यापुढे पूर्ण मॅक पत्ता असे होते. यातला ‘ईएन’ हा इथरनेटचा उपसर्ग आहे. डोंगल ‘डब्ल्यूवॅन’ ठरला असता तर तिथे ‘डब्ल्यूडब्ल्यू’ हा उपसर्ग आला असता. जाता जाता सांगतो: हा मॅक पत्ता या प्रकारच्या असंख्य डोंगलांत एकसारखाच असतो. एकाच यंत्राला असे दोन डोंगल लावले की दुसऱ्याला पहिल्याचेच नाव हवे असते आणि नामांतर फसते. दोन सिम लावून जोडणीचा भरवसा वाढवू पाहणाऱ्यांची इथे हमखास अडचण होते. अशा वेळी नाव यूएसबी पोर्टच्या ठिकाणावरून द्यावे, मॅकवरून नव्हे.

मात्र नाव ही वरवरची खूण आहे. खरे वर्गीकरण ‘डेव्हटाइप’ नावाच्या गुणधर्मात असते. ‘फ्लॅग-डब्ल्यूवॅन’ दिसला की यूएसबीनेट नाव बदलतो आणि त्याच वेळी त्या इंटरफेसवर ‘डब्ल्यूवॅन’ असा उपकरण-प्रकारही नोंदवतो. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, त्या इंटरफेसच्या फोल्डरमधली ‘यूइव्हेंट’ फाइल उघडली की ‘डेव्हटाइप’ची ओळ दिसते, साध्या इथरनेट कार्डाच्या त्याच फाइलमध्ये ती ओळच नसते. यूडेव्ह उपसर्ग ठरवताना हेच पाहतो आणि जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर हा कार्यक्रमही हेच पाहतो. म्हणून कोणी आज्ञा देऊन ‘ईथ१’चे नाव हाताने ‘डब्ल्यूवॅन०’ केले तरी काहीच बदलत नाही. असा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो आणि तो चुकीचा आहे.

या वर्गीकरणाने व्यवहारात काय फरक पडतो ते आता पाहावे. नेटवर्कमॅनेजरला इंटरफेस इथरनेटचा वाटला तर तो स्वतःच त्याचा ताबा घेतो, केबल लागली आहे असे समजून डीएचसीपी चालवतो, म्हणजे पलीकडून आयपी पत्ता मागतो, आणि पत्ता मिळाला की मोकळा होतो. प्रकार ‘डब्ल्यूवॅन’ असेल तर मात्र तो त्या इंटरफेसला एकटा हात लावत नाही. मोडेममॅनेजर नावाचा वेगळा कार्यक्रम ‘हा मोडेम तयार आहे’ असे कळवेपर्यंत थांबतो. मोडेममॅनेजर एकाच भौतिक उपकरणाची सगळी दारे एकत्र बांधतो: सिरियल पोर्ट, ‘सीडीसी-डब्ल्यूडीएम०’सारखे नियंत्रणाचे दार आणि डेटाचा नेटवर्क इंटरफेस. सिमचा पिन, एपीएन (मोबाइल कंपनीच्या डेटा-प्रवेशाचे नाव), नेटवर्कवरची नोंदणी हे सगळे नियंत्रणाच्या दारातून होते आणि मगच डेटाचा इंटरफेस जिवंत होतो. नेटवर्कमॅनेजरच्या यादीत तुम्हाला ‘डब्ल्यूवॅन०’ऐवजी ‘सीडीसी-डब्ल्यूडीएम०’ हे नाव ‘जीएसएम’ प्रकाराखाली दिसते, त्याचे कारण हेच आहे.

दुसरा परिणाम खिशाला लागणारा आहे. नेटवर्कमॅनेजर डीफॉल्ट मार्गांना प्राधान्याचे आकडे देतो: इथरनेटला १००, वायफायला ६०० आणि मोबाइल मोडेमला ७००. आकडा जितका लहान तितके प्राधान्य जास्त. मोडेम योग्य वर्गात असेल तर घरचे वायफाय सुरू असताना मोबाइल डेटा वापरला जात नाही. तोच मोडेम इथरनेट म्हणून दिसला की त्याला १०० मिळतात आणि वायफाय चालू असूनही सगळा डेटा सिमवरून वाहू लागतो. ‘वायफाय लावले होते तरी दिवसाचा डेटा दुपारीच संपला’ ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी मार्गांचा तक्ता दाखवायला सांगतो.

इतके वाचल्यावर असे वाटेल की प्रत्येक सिमवाल्या उपकरणाला ‘डब्ल्यूवॅन’च म्हटले पाहिजे. माझे मत तसे नाही आणि या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा माझ्या दृष्टीने हाच आहे. आत रेडिओ आहे की नाही यावर वर्गीकरण बसवू नये; मोबाइल नेटवर्कशी जोडणी कोण उभी करतो यावर बसवावे. हुआवेचा हायलिंक डोंगल म्हणजे काडीएवढा राउटरच असतो. तो स्वतः एपीएन लावतो, स्वतः नोंदणी करतो, स्वतः नॅट (पत्त्यांची अदलाबदल) करतो आणि संगणकाला डीएचसीपीवरून पत्ता देतो. त्याचे व्यवस्थापन १९२.१६८.८.१ या पत्त्यावरच्या वेबपानातून होते. संगणकाने करायचे काही उरतच नाही. संगणकाच्या बाजूने ते खरोखरच इथरनेट आहे आणि तसेच दिसणे योग्य आहे. विचारणाऱ्याने हा डोंगल ‘डब्ल्यूवॅन’मध्ये ढकलण्याचा खटाटोप करू नये; फक्त त्या जोडणीच्या मार्गाचे प्राधान्य वायफायच्या खाली आणावे, म्हणजे आकडा ७०० करावा. तेवढ्याने काम होते.

याउलट ज्या मोडेमला ‘जोडणी कर’ अशी आज्ञा संगणकाने द्यावी लागते, तो इथरनेट म्हणून दिसणे ही खरी चूक आहे. तिथे डीएचसीपीची विनंती जाते, पलीकडून कोणी उत्तर देत नाही आणि वापरणारा सिमला दोष देत बसतो.

एम.२ कार्डांत हे जास्त स्पष्ट दिसते. त्यांतली अनेक कार्डे क्वालकॉमच्या चिपवर आधारलेली असतात आणि क्यूएमआय (क्वालकॉमचा स्वतःचा प्रोटोकॉल) किंवा एमबीआयएम बोलतात. त्यांचे ड्रायव्हर ‘क्यूएमआय-डब्ल्यूवॅन’, जो २०१२ मध्ये कर्नल ३.४ मध्ये आला, आणि ‘सीडीसी-एमबीआयएम’, जो २०१३ मध्ये कर्नल ३.८ मध्ये आला, हे आहेत. या ड्रायव्हरांना संदिग्धतेचा प्रश्नच नाही. जे उपकरण त्यांच्याकडे येते ते मोडेमच असते, म्हणून ‘फ्लॅग-डब्ल्यूवॅन’ सरसकट लागतो. पण इथे एक वेगळीच गंमत आहे, जी समजून घेण्यासारखी आहे. मोबाइल नेटवर्कवर इथरनेट नसतेच. टॉवरकडून येते ते नुसते आयपी पॅकेट. त्याला ना मॅक पत्ता असतो ना एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची पद्धत). तरीही हे इंटरफेस बराच काळ इथरनेटसारखे दाखवले गेले, कारण वरचे सगळे सॉफ्टवेअर इथरनेट गृहीत धरून लिहिलेले होते. एमबीआयएमचा ड्रायव्हर पाठवताना इथरनेटचा हेडर (पॅकेटच्या पुढे जोडलेली पत्त्यांची माहिती) कापतो, येताना खोटा हेडर चिकटवतो आणि एआरपी बंद ठेवतो.

क्यूएमआयमध्ये तर मोडेमचे फर्मवेअरच इथरनेटचे सोंग घेत असे आणि काही फर्मवेअरना ते नीट जमत नसे. ती मध्येच हेडरशिवाय पॅकेट पाठवत. ड्रायव्हरने त्यावर काढलेला उपाय मला आजही आवडतो. आलेल्या पॅकेटचे पहिले चार बिट पाहायचे. ते ४ असतील तर हे उघडे आयपीव्ही४ पॅकेट आहे, ६ असतील तर आयपीव्ही६. अशा वेळी पुढे स्वतःच इथरनेट हेडर जोडायचा. पुढच्या पिढीच्या मोडेमांनी हे सोंग सोडले आणि ते फक्त उघडे आयपीच देऊ लागले. तेव्हा कर्नल ४.५ पासून या ड्रायव्हरला सिसएफएसमध्ये ‘रॉ-आयपी’ नावाची कळ मिळाली. ती चालू केली की इंटरफेसचा हार्डवेअर-प्रकार १, म्हणजे इथरनेट, हा बदलून ६५५३४, म्हणजे ‘कोणताच नाही’, असा होतो आणि मॅक पत्ता नाहीसा होतो. मात्र ‘डेव्हटाइप’ ‘डब्ल्यूवॅन’च राहतो. म्हणजे ‘फ्रेम कोणत्या आकाराची’ आणि ‘उपकरण कोणत्या कामाचे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि कर्नल त्यांची उत्तरे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो. मॅक पत्ता दिसत नाही म्हणून कार्ड बिघडले असे समजून ते परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत.

सर्वांत अवघड प्रकरण आरएनडीआयएसचे आहे. हा मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल, यूएसबीवरून नेटवर्क चालवण्यासाठी. अँड्रॉइड फोनचे यूएसबी टेदरिंग बरीच वर्षे त्यावर चालत आले आहे आणि काही फोरजी, फाइव्हजी मोड्यूलेही तोच बोलतात. २०२५ मध्ये कर्नलच्या आरएनडीआयएस ड्रायव्हरमध्ये एक बदल स्वीकारला गेला: वायरलेस वर्गातल्या आरएनडीआयएस उपकरणांना इथरनेटऐवजी ‘डब्ल्यूवॅन’ म्हणायचे. त्यामागचे कारण योग्य होते. अशा मोड्यूलांना इथरनेट समजल्यामुळे नेटवर्कमॅनेजर एकीकडून जोडणी करू पाहतो आणि मोडेममॅनेजर त्याच मोडेमच्या सिरियल पोर्टवरून दुसरी पीपीपी (डायल-अप पद्धतीची) जोडणी उघडतो, असा सावळागोंधळ होत होता. पण टेदरिंग करणारे फोनही त्याच वर्गाचे आकडे सांगतात. बदल लोकांपर्यंत पोहोचल्यावर फोन लावले की ‘डब्ल्यूवॅन०’ दिसू लागले, जुन्या नावांवर आणि इथरनेटवर बेतलेली मांडणी कोलमडली आणि काही आठवड्यांतच तो बदल मागे घेण्यात आला. टेदरिंगमध्ये जोडणी फोन उभी करतो आणि मोड्यूलमध्ये ती संगणकाने उभी करायची असते. वरची कसोटी दोघांना वेगळे काढते, पण डिस्क्रिप्टरचे आकडे काढत नाहीत. सरसकट नियमाने हे सुटणार नाही, उपकरणागणिक ओळी लिहाव्याच लागतील, असे माझे मत त्या घटनेनंतर पक्के झाले.

जुन्या थ्रीजी डोंगलचे लवकर आटोपते. तो लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, कारण त्यात विंडोजचे सॉफ्टवेअर ठेवलेले असते. ‘यूएसबी-मोडस्विच’ त्याला खरे रूप घ्यायला लावतो आणि मग तो दोन-तीन सिरियल पोर्ट दाखवतो. नेटवर्क इंटरफेस म्हणून तो स्वतः कधीच नोंदवला जात नाही. सिरियल पोर्टवर ‘एटीडी *९९#’ ही आज्ञा गेली आणि पीपीपीडी या पीपीपी चालवणाऱ्या कार्यक्रमाने पलीकडच्या टोकाशी बोलणे पूर्ण केले की ‘पीपीपी०’ जन्माला येतो. तो इंटरफेस पीपीपी ड्रायव्हरचा असतो, मोडेमचा नव्हे. म्हणून त्याचा हार्डवेअर-प्रकार ५१२ असतो आणि कॉल तुटला की तो नाहीसा होतो.

पीसीआय एक्सप्रेसवरच्या फाइव्हजी कार्डांसाठी वाट वेगळी आहे. तिथे यूएसबीचे आकडे नाहीत आणि यूएसबीनेटही नाही. २०२१ मध्ये कर्नल ५.१३ मध्ये ‘डब्ल्यूवॅन’ नावाची स्वतंत्र उपप्रणाली आली. ती एका मोडेमची नियंत्रणाची दारे आणि डेटाचे इंटरफेस एका छत्राखाली नोंदवते. दारांची नावे ‘डब्ल्यूवॅन०एटी०’, ‘डब्ल्यूवॅन०एमबीआयएम०’ अशा धर्तीची असतात. कोणता इंटरफेस कोणत्या मोडेमचा हे इथे अंदाजाने जुळवावे लागत नाही. यूएसबीच्या जगात हे दहा वर्षे आधी झाले असते तर कितीतरी लोकांचे श्रम वाचले असते.

विंडोजमध्ये तत्त्व तेच आहे, खुणा निराळ्या आहेत. विंडोज ७ पर्यंत बहुतेक डोंगल डायल-अप मोडेम म्हणूनच चालत. विंडोज ७ मध्ये एनडीआयएस ६.२० (नेटवर्क ड्रायव्हरांसाठीचा विंडोजचा आराखडा) याबरोबर मोबाइल ब्रॉडबँडसाठी वेगळे ड्रायव्हर-प्रारूप आले आणि ड्रायव्हर ‘वायरलेस वॅन’ हा माध्यम-प्रकार जाहीर करू लागला. अशा इंटरफेसचा आयएएनए या इंटरनेटचे क्रमांक ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेला प्रकार-क्रमांक २४३ असतो. सीडीएमए घराण्यासाठी तो २४४ होता, तर इथरनेटचा ६ आहे. विंडोज ८ पासून एमबीआयएमचा ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो, म्हणून उपवर्ग ०ई असलेले कार्ड लावताच ‘सेल्युलर’ म्हणून दिसते आणि त्याची जोडणी मर्यादित डेटाची मानली जाते. आरएनडीआयएसवाला किंवा हायलिंकसारखा डोंगल मात्र तिथेही इथरनेटच असतो, आणि विंडोज अपडेट त्याच्यावरून गिगाबाइटच्या गिगाबाइट उतरवते, कारण ती जोडणी मर्यादित आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. हे आपण हाताने सांगावे.

एक प्रसंग सांगतो. एका पाणीपुरवठा योजनेच्या पंपघरांवर आम्ही दूरमापनाच्या पेट्या बसवल्या होत्या. पहिल्या खेपेच्या पेट्या वर्षभर नीट चालल्या. दुसऱ्या खेपेत तेच मोड्यूल, तेच फर्मवेअर, तेच सिम. पण एकही पेटी जोडली जाईना. दोन दिवस आम्ही अँटेना आणि सिग्नल तपासत राहिलो. शेवटी एका पेटीला लॅपटॉप लावून कर्नलची नोंद शांतपणे वाचली तेव्हा कळले की आधीच्या पेट्यांत ‘डब्ल्यूवॅन०’ होता आणि इथे ‘यूएसबी०’ आहे. मोड्यूल कारखान्यातून ईसीएम मोडमध्ये आले होते, आधीचे क्यूएमआय मोडमध्ये होते. आमची स्क्रिप्ट ‘डब्ल्यूवॅन०’ या नावाची वाट पाहत बसली होती. चूक आमचीच होती: आम्ही नावावर विसंबलो होतो. तेव्हापासून आमच्या पेट्या सुरू होताना आधी मोडेमला त्याचा मोड विचारतात, हवा तो नसेल तर बदलतात आणि मग डेटाचा इंटरफेस नावावरून न शोधता यूएसबीच्या भौतिक ठिकाणावरून शोधतात.

यातून बदलता येण्याच्या प्रश्नाचे उत्तर निघते. अनेक मोड्यूलांना आपला चेहरा बदलता येतो आणि शक्य असेल तेव्हा हाच सरळ मार्ग आहे. क्वेक्टेलच्या ईसी२५ मध्ये ‘एटी+क्यूसीएफजी’ या आज्ञेतल्या ‘यूएसबीनेट’ या सेटिंगला ० दिले तर क्यूएमआय, १ दिले तर ईसीएम, २ दिले तर एमबीआयएम आणि ३ दिले तर आरएनडीआयएस मिळतो. मोड्यूल पुन्हा सुरू केले की ते नवे डिस्क्रिप्टर दाखवते आणि ड्रायव्हर आपोआप दुसरा लागतो. संगणकाने जोडणी सांभाळायची असेल तर मी एमबीआयएम निवडतो, कारण तो प्रमाणित आहे आणि लिनक्स व विंडोज दोन्हींवर बिनबोभाट ओळखला जातो. लहान यंत्रावर मोडेममॅनेजर चालवायचा नसेल आणि मोड्यूलनेच सगळे करायचे असेल तर ईसीएम निवडतो आणि मग तो ‘यूएसबी०’ दिसला तरी त्याला चूक मानत नाही.

मोड बदलता येत नसेल आणि संगणकाने चालवायचा मोडेम इथरनेट म्हणून दिसत असेल, तर तात्पुरता इलाज म्हणून त्या इंटरफेसला नेटवर्कमॅनेजरच्या व्यवस्थापनातून वगळावे आणि मोडेमची जोडणी मोडेममॅनेजरच्या ‘एमएमसीएलआय’ या आज्ञेने करावी. उलट बाजूने, राउटरसारखा डोंगल मोडेममॅनेजर उगाच चाचपत असेल तर यूडेव्हच्या नियमात त्या उपकरणावर मोडेममॅनेजरने दुर्लक्ष करावे अशी खूण लावता येते. यूडेव्हच्या नियमाने ‘डेव्हटाइप’ मात्र बदलू पाहू नये. तो कर्नल सांगतो आणि नेटवर्कमॅनेजर तो कर्नलकडूनच घेतो.

कायमचा इलाज ड्रायव्हरच्या तक्त्यात एक ओळ हाच आहे. त्यासाठी फार मोठे प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. लावलेली यूएसबी उपकरणे दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेची सविस्तर यादी काढावी, तिच्यातून उत्पादक व उत्पादनाचे क्रमांक आणि नेटवर्क इंटरफेसचे वर्ग, उपवर्ग व प्रोटोकॉल टिपावेत, त्याच उत्पादकाची शेजारची ओळ पाहून तशीच नवी ओळ लिहावी, कर्नल बांधून ‘डीमेसेज’मधले वर्णन बदलले का ते पाहावे आणि बदल कर्नलच्या ‘नेटडेव्ह’ या ईमेल-यादीकडे पाठवावा. बदलाच्या संदेशात ‘एलएसयूएसबी’ची ती यादी पूर्ण द्यावी आणि हे उपकरण नियंत्रणाच्या दारातून आज्ञा मिळेपर्यंत जोडणी करत नाही, हे एका वाक्यात स्पष्ट लिहावे. तपासणारे लोक सर्वांत आधी तेच विचारतात.